काठावरची जागा

चातुर्मासात आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. मग रात्र मोठी वाटू लागते. शहापूरच्या घरातल्या या रात्री पूर्वी माझ्या वाचनात जायच्या. गेल्या पावसाळ्यापासून मात्र माझा मुलगा आणि माझी भाची टीव्हीपुढं बसून गेम खेळतात, आणि मी मागं शेंगा फोडत बसते. गेमचं नाव 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट', निन्टेन्डोचा, 2018 सालचा.

आधी मी नाकच मुरडलं. मारामारीचा खेळ, तोही आपल्या घरात! पण दोन-चार रात्री बघितल्यावर ध्यानात आलं, की हा खेळ मारामारीच्या इतर खेळांसारखा नाही. फटक्यागणिक कमी होत जाणारी शक्तीची पट्टी इथं नाही. फटका बसला की पात्राची टक्केवारी वाढते, आणि टक्के जितके जास्त तितकं ते पुढच्या फटक्याला लांब फेकलं जातं. मंच बहुतेक वेळा अधांतरी असतो. पडद्याच्या हद्दीपार गेलं की एक जीव गेला. म्हणजे मारणं हे साधन, आणि बाहेर घालवणं हा हेतू. मग खरी विद्या कुठली? बाहेर फेकलं गेल्यावर परत येण्याची. खेळणारे तिला रिकव्हरी म्हणतात.

या विद्येबद्दल मला लिहावंसं वाटलं, कारण ती वाटते त्यापेक्षा फार बारीक आहे. सुरुवात फटका बसतो त्याच क्षणी होते. ज्या दिशेला आपण फेकले जातोय तिला आडवी अशी काडी दाबून धरली, तर उडण्याचा कोन थोडा बदलतो. 2001 च्या 'मेली' या जुन्या गेममध्ये तो 18 अंशांपर्यंत बदलता येतो. एवढ्याशा कोनावर जीव वाचतो. नंतर येते हवेतली दुसरी उडी, आणि शेवटी बहुतेक पात्रांचा वर उचलणारा खास डाव. हा डाव वापरला की बहुतेक पात्रं हतबल होऊन खाली येतात, मंच गाठेपर्यंत काही करू शकत नाहीत.

नवशिका घाबरून दुसरी उडी लगेच मारून टाकतो. भाची मुलाला तेच बजावत असते, "उडी राखून ठेव रे." मी विचारलं, उडीच का? ती म्हणाली, "मावशी, येता येता परत मार बसला तर वरचा डाव पुन्हा मिळतो. गेलेली उडी नाही मिळत." हे ऐकून माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

चांगला खेळाडू परतायची वाट कळू देत नाही. कधी उंचावरून येतो, कधी मंचाच्या खालून येऊन नेमका काठच पकडतो, डोकंसुद्धा वर दिसू देत नाही. 'मेली'तला फॉक्स आपली आडवी झेप मध्येच तोडून आखूड करू शकतो, त्यामुळं वाट अडवणाऱ्याचा अंदाज चुकतो. सॅमस गोळा होऊन स्वतःच ठेवलेल्या बाँबच्या धक्क्यानं वर चढते. नेस स्वतःची वीज स्वतःच्याच अंगावर पाडून घेतो आणि त्या झटक्यानं घर गाठतो. आणि भिंतीवर आपटलं जाताना नेमक्या वेळी ढालीचं बटण दाबलं, तर आपटून परत उडण्याऐवजी पात्र तिथंच सावरतं. 'मेली'त ती वेळ सेकंदाचा तिसरा हिस्सा.

आता माझं भांडण. 'मेली'त काठाला एका वेळी एकालाच लटकता येतं. म्हणून जिंकणारा काय करतो? स्वतः जाऊन काठाला लटकतो. परतणारा अगदी हातभर अंतरावर येतो, पण जागा भरलेली, म्हणून खाली जातो. मार नाही, काही नाही. नुसती जागा अडवायची. 2014 च्या आवृत्तीत हा नियम बदलला. आता नंतर येणारा काठ पकडतो आणि आधीचा झटकला जातो. अनेक जुन्या खेळाडूंना हे रुचलं नाही. त्यांचं म्हणणं, जुन्या कठोर नियमानंच कसब घडवलं, नव्यानं परतणं स्वस्त केलं.

त्यांचा पुरावा कच्चा नाही. 'मेली'तल्या योशीला वर उचलणारा डावच नाही. त्याच्याकडे आहे ती दुसरी उडी. त्या उडीत हलके फटके त्याला हलवत नाहीत, पण मोठा फटका सगळं संपवतो. हा दुबळा योशी घेऊन अम्सा या टोपणनावाचा जपानी खेळाडू वर्षानुवर्षं खेळत राहिला, आणि 2022 साली अमेरिकेतली 'द बिग हाउस 10' ही मोठी स्पर्धा त्यानं जिंकली. त्याचा खेळ मुलानं मला दाखवला. त्या उडीवरचा त्याचा ताबा बघून मी मान डोलावली, खोटं कशाला सांगू.

तरी मला तो युक्तिवाद पटत नाही. "जाचानं बाई तावून सुलाखून निघते" हे वाक्य आपण सगळ्याजणींनी ऐकलंय. निघतही असेल एखादी. म्हणून काय जाच चांगला ठरतो? कसब त्या माणसाचं असतं, त्याचं श्रेय अडवणाऱ्याला कशाला द्यायचं?

आणि नव्या गेममध्ये कसब संपलं हेही खरं नाही. तिथं काठाला हात लागणं सोपं झालं, पण मंचावर उभं राहणं अवघड. सरळ चढायचं, लोळण घ्यायची, उडी मारायची की फटका मारत यायचं, हे ओळखायला समोरचा टपून बसलेला असतो. झुंज एक पाऊल आत सरकली, इतकंच.

माझी भाची गेल्या वर्षी सासरहून परत आली. का, ते तिचं आहे, मी लिहिणार नाही. माहेरी तिची खोली आता भावाच्या संसाराला लागते. कुणी तिला जा म्हटलं नाही, फक्त जागा भरलेली होती. म्हणून ती माझ्याकडे आहे. माझ्याकडे आली म्हणजे सगळं झालं असं मीही काही महिने समजत होते. पण बस्तीत गेल्यावर बायका विचारतात, "किती दिवस आहे?" तेव्हा ती एकदा हसते, एकदा विषय बदलते, एकदा सरळ उत्तर देते. दर वेळी वेगळं.

गेममध्ये उणिवा आहेतच. लिटल मॅकसारख्या पात्राला जमिनीवर बळ आणि हवेत जवळजवळ काहीच नाही. जिगलीपफला मात्र हवेत पाच उड्या. हा पंक्तिप्रपंच मला खटकतो. पण परतणाऱ्यासाठी काठ मोकळा करणारा एक नियम कुणीतरी बसून विचारपूर्वक लिहिला, यासाठी मी या गेमला चांगलं म्हणते. मैत्रिणींनो, पोरं खेळत असतील तर बंद करा म्हणायच्या आधी घटकाभर मागं बसून बघा. आणि तुमच्या घरातली एखादी खोली कुणासाठी मोकळी होऊ शकते, तेही बघा.