चित्र पोहोचते, सम चुकते

टेबलावरचा संगणक गेम चालवतो, त्याचे चित्र वाय-फायवरून हातातल्या छोट्या यंत्रावर येते आणि आपण दाबलेले बटण त्याच वाटेने उलट जाते. व्हॉल्व्ह कंपनीने ही घरगुती सोय २०१४ मध्ये ‘स्टीम’वर आणली. सोनीने तर २०२३ मध्ये केवळ याच कामासाठी ‘प्लेस्टेशन पोर्टल’ काढले. बाजारात आले तेव्हा त्यावर एकही गेम स्वतंत्रपणे चालत नव्हता. अशा यंत्रांची परीक्षणे मी वाचतो तेव्हा त्यांत बहुतेक चर्चा चित्राची असते: किती रेखीव, रंग कसे, कुठे फाटते. माझा आक्षेप या मोजपट्टीलाच आहे. ती सिनेमाची मोजपट्टी आहे.

चित्र पोहोचवणे हा पराक्रम आहे, हे मान्य करू. ‘स्टीम डेक’चा पडदा १२८० बाय ८०० ठिपक्यांचा. सेकंदाला साठ चित्रे कच्ची पाठवायची तर सुमारे १४७ कोटी बिट लागतात. दाबून पाठवली की दोनएक कोटींत भागते. सिनेमा दाबताना पुढची चित्रे आधी पाहून मधली चित्रे बांधता येतात. गेममध्ये ती सवलत नाही, कारण पुढचे चित्र अजून जन्मलेलेच नसते. ते आपल्या बोटावर अवलंबून असते.

आणि इथेच खरा प्रश्न सुरू होतो. मैफलीचे प्रक्षेपण दोन सेकंद उशिरा पोहोचले तरी श्रोत्याचे काही बिघडत नाही. साथ करणाऱ्याचे मात्र सगळेच बिघडते. २०२० च्या टाळेबंदीत गायक एका घरी आणि तबलावादक दुसऱ्या घरी असताना व्हिडिओ कॉलवर सम जुळत नव्हती. म्हणून अनेकांनी आपापला भाग वेगळा ध्वनिमुद्रित करून नंतर जोडला. गेम खेळणारा हा श्रोता नसून साथीदार असतो. त्याला फक्त चित्र नको असते, वेळेवर आलेले चित्र हवे असते.

‘सेलेस्ट’ (२०१८) हा गेम घ्या. कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंदापर्यंत दाबलेली उडी तो मान्य करतो. ही कर्त्यांनी खेळणाऱ्याला दिलेली माया आहे. तिच्यामुळे हा कठीण गेम निर्दय वाटत नाही. समजा, चित्र येण्यात आणि बटण जाण्यात मिळून ५० मिलिसेकंद खर्च झाले, तर ती अर्धी माया वाटेतच संपते. चित्र हुबेहूब तेच, पण गेम अधिक कठोर झालेला. कर्त्यांनी लिहिलेली कृती ती ही नव्हे.

गंमत अशी की ‘सेलेस्ट’सारखा हलका गेम हँडहेल्डवर आपला आपण सहज चालतो, त्याला संगणकाची गरजच नाही. उलट ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) यंत्राला घाम फोडतो, बॅटरी झरझर संपवतो. पण त्यातली लढाई पाळीपाळीने होते, उशीर तिला बाधत नाही. अशा गेमसाठी घरचे स्ट्रीमिंग वरदान आहे. कसोटी लागते ती ‘एल्डन रिंग’सारख्या (२०२२) गेमची: जडही आणि क्षणाला बांधलेलाही. तिथे शत्रूचा वार चुकवायला नेमक्या वेळी लोळण घ्यावी लागते. उशीर ठरावीक असेल तर हात तो अंगवळणी पाडून घेतो. तो दर क्षणी बदलत राहिला तर शिकण्यासारखे काही उरत नाही. मेलो ते माझ्या चुकीने, हा त्या गेमचा मूळ करारच मोडतो.

हा बदलता उशीर बहुधा हवेतून येतो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांना न भिडणारे मार्ग तीनच, आणि आपल्या शहरी इमारतींत भिंतीपलीकडचे डझनभर राउटर त्यांवर गर्दी करतात. संगणकही वाय-फायवरच असेल तर प्रत्येक चित्राला हवेतून दोनदा जावे लागते: संगणकाकडून राउटरकडे, राउटरकडून हातात. संगणक तारेने राउटरला जोडला आणि हँडहेल्ड ५ गिगाहर्ट्झवर ठेवले, तर एक फेरी वाचते आणि गर्दीही टळते. चित्राची गुणवत्ता थोडी उतरवून वेळ सांभाळणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते.

‘मूनलाइट’सारखे मुक्त सॉफ्टवेअर जाळ्यातला उशीर, चित्र उलगडायला लागलेला वेळ, गळालेली चित्रे हे आकडे पडद्यावर दाखवते. बोटापासून डोळ्यापर्यंतचा पूर्ण फेरा त्या आकड्यांत मावत नाही. तो हातालाच कळतो. म्हणून गेमच्या समीक्षकाने यापुढे गेम कोणता एवढेच सांगून थांबू नये. तो कुठून, कोणत्या वाटेने हातात आला, हेही सांगावे. ध्वनिमुद्रिका ऐकून कुणी साथीची परीक्षा करत नाही.