एका फायलीवर लटकलेला माणूस

हाँगकाँगचं पोलीस खातं आपला एक माणूस दहाएक वर्षं गुंडांच्या टोळीत पेरून ठेवतं, आणि तो पोलीस आहे हे जिवंत असलेल्या एकाच अधिकाऱ्याला ठाऊक असतं. पुरावा म्हणून संगणकात एक फाईल, बस्स. त्या अधिकाऱ्याला उद्या हृदयविकाराचा झटका आला तर? ‘इन्फर्नल अफेअर्स’ (2002) पाहताना हा प्रश्न पडला नाही असा प्रेक्षक विरळा. पगारपत्रकाशिवाय जिथे पान हलत नाही अशा सरकारी खात्यात हे खपेल कसं?

अँड्र्यू लाउ आणि अ‍ॅलन माक या दिग्दर्शकद्वयीने या प्रश्नाचं उत्तर दिलेलंच नाही. त्यांनी त्याचं दुःख केलं, आणि माझ्या मते चित्रपटाचं सगळं मोठेपण तिथे आहे. सुरुवातीलाच पोलीस प्रशिक्षण शाळेच्या प्रमुखांची अंत्ययात्रा जाते. हे गुपित माहीत असलेले दोघेच, त्यातले हे एक. टोळीत पेरलेला तरुण चान रस्त्याच्या कडेला, कुणाला दिसणार नाही असा उभा राहून सलाम ठोकतो. प्रसंग काही क्षणांचा. पण त्यातून आपल्याला कळतं की या माणसाचं पोलीस असणं आता एकाच जिवावर टांगलेलं आहे. ज्या गोष्टीवर आपण ‘अशक्य’ म्हणून बोट ठेवणार होतो, तिचीच भीती पुढे चानच्या चेहऱ्यावर वावरत राहते.

तो चेहरा टोनी लेउंगचा आहे, हेही विसरून चालणार नाही. गच्चीवर वरिष्ठ वाँगशी भांडताना तो मुदतीचा हिशेब मांडतो: तीन वर्षं म्हणाला होतात, मग आणखी तीन, मग आणखी तीन. लेउंग हे आरडाओरडा न करता बोलतो. थकलेल्या कारकुनाने रजेचा अर्ज पुन्हा पुढे सरकवावा तसं. नियमावलीत न बसणारी ती दहा वर्षं त्या स्वरात खरी होतात.

दुसऱ्या बाजूला अँडी लाउचा लाउ, टोळीने पोलिसांत पेरलेला. दोघंही एकाच प्रशिक्षण शाळेतले. चानला काढून टाकल्याचं नाटक होतं तेव्हा लाउ फाटकाकडे बघत उभा असतो. पुढे स्टिरिओच्या दुकानात दोघं शेजारी बसून एक जुनं गाणं ऐकतात आणि कुणीच कुणाला ओळखत नाही. तर्काला हे पटत नाही. पण त्या सोफ्यावर दोघांच्या आयुष्यातली बहुधा एकमेव निवांत मिनिटं सरतात, आणि तो योगायोग मी आनंदाने माफ करतो.

सगळंच माफ करण्याजोगं नाही. चित्रपटगृहातून लाउचा माग काढताना चानचा मोबाइल नेमका वाजतो. दहा वर्षं जीव मुठीत धरून जगलेला माणूस फोन मुका करायला विसरेल? ज्या लिफाफ्यावर चानने स्वतः अक्षर दुरुस्त केलेलं असतं, तो लाउच्या टेबलावर पडून राहतो, हेही तसंच. इथे पटकथाकार घाईत होते. लिफाफा दिसल्यावर लेउंग काही न बोलता निघून जातो, म्हणून प्रसंग तरतो, एवढंच.

मार्टिन स्कॉर्सेसीने 2006 मध्ये बॉस्टनमध्ये नेलेली आवृत्ती, ‘द डिपार्टेड’, याच भोकांना ठिगळं लावते. तिथे गुपित दोन हयात अधिकाऱ्यांना माहीत असतं. नायकाच्या खानदानाची, तुरुंगवासाची तजवीज सांगितली जाते. मूळ चित्रपट 101 मिनिटांचा, हा 151 मिनिटांचा. गंमत अशी की एवढं समजावूनही दोन्ही पुरुषांच्या आयुष्यात एकच मानसोपचारतज्ज्ञ बाई आणली जाते. मूळ चित्रपटात त्या दोन वेगळ्या स्त्रिया होत्या. जास्त खुलासे ऐकले की प्रेक्षक जास्त प्रश्न विचारू लागतो. हाँगकाँगवाल्यांनी त्याला तेवढी उसंतच दिली नाही.

आणि वास्तव तरी कुठे शहाण्यासारखं वागतं? एफबीआयचे जोसेफ पिस्टोन 1976 पासून सुमारे सहा वर्षं ‘डॉनी ब्रॅस्को’ या नावाने न्यूयॉर्कच्या बोनानो टोळीत राहिले. टोळी त्यांना रीतसर सदस्य करून घेण्याच्या बेतात होती. पटकथेत लिहिलं असतं तर निर्मात्याने खोडलं असतं. त्यांच्यावरच्या 1997 च्या चित्रपटात लेफ्टी हा मित्र शेवटी मरणाच्या तयारीने घरातून निघतो, अंगावरच्या मौल्यवान वस्तू खणात ठेवून. खरा लेफ्टी त्याआधीच एफबीआयच्या हाती लागला होता. 1994 मध्ये तो कर्करोगाने गेला. पण खणाचा प्रसंग पाहताना कुणी हरकत घेत नाही, कारण लेफ्टी झालेल्या अल पचिनोचे हात तिथे खरे आहेत.

‘इन्फर्नल अफेअर्स’च्या आरंभी आणि अखेरीस बौद्धांच्या अवीचि नरकाचा उल्लेख येतो, जिथे यातनांना खंड नसतो. लिफ्टमध्ये चान मरतो आणि लाउ प्रतिष्ठित पोलीस अधिकारी म्हणून सुटतो, त्याची शिक्षा ती. चीनच्या मुख्य भूमीसाठी मात्र वेगळा शेवट चित्रित केला गेला: लाउ लिफ्टबाहेर येतो आणि सहकारी त्याला अटक करतात. खातं जागं आहे, गुन्हेगार सापडतो. सगळं रीतीला धरून. मला तर अख्ख्या चित्रपटात न पटलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच वाटली.