गिळू तरी दे की!

दुपारच्या एका नव्या कार्यक्रमाची जाहिरात लागली होती. झकपक ओटा, ओट्यावर हळदीचा एकही डाग नाही, मागं खोटी खिडकी, खिडकीत खोटं झाड. एक निवेदिका, एक शेफ आणि गप्पा मारायला आलेली कुठल्याशा मालिकेतली सून. सुनेनं चमचा तोंडाला लावला न लावला तोच डोळे मिटून ‘अप्रतिम!’ म्हणाली. सांगोल्यातल्या आमच्या घरी खरकटी परात पुढ्यात घेऊन बसलेली आत्या म्हणाली, “आगं, गिळू तरी दे की!”

नाटकाला, सिनेमाला, हल्ली वेब सिरीजलाही परीक्षण मिळतं. दुपारी लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गप्पांकडे मात्र समीक्षक सहसा फिरकत नाहीत. त्यांचं परीक्षण होतं ते असं, जेवणं उरकल्यावर, भिंतीला टेकून. आणि ते फार कडक असतं, कारण इथला प्रेक्षक ती कला स्वतः दिवसातून दोनदा करतो. गायन ऐकणाऱ्या शंभरांतल्या पाचांना गाता येत असेल. दुपारी एक वाजता टीव्हीसमोर बसलेल्यांत फोडणी न येणारं कोण असतं?

शिकवणाऱ्याला खरंच रांधता येतं का, ही शंका पहिल्यापासून नव्हती. 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक आलं तेव्हा वाटी-चमच्याच्या मापावर बायकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. 1993 मध्ये झी टीव्हीवर ‘खाना खजाना’ सुरू झालं. संजीव कपूर बोलायचे ते कॅमेऱ्यातून थेट आपल्याशी, आणि बोलणं कढईतल्या वस्तूबद्दलच असायचं. मराठीत ‘मेजवानी’मधले विष्णू मनोहर त्याच वळणाचे. 2017 च्या एप्रिलमध्ये या माणसानं नागपुरात सलग 53 तास स्वयंपाक केला. विक्रमाचं कौतुक मला फारसं नाही. पण इतका वेळ ओट्याशी उभं राहायला हात खरा लागतो, आणि तो पडद्यावरही दिसतो.

‘आम्ही सारे खवय्ये’नं गप्पांना मानाचं पान दिलं. प्रशांत दामले स्वतः ओट्यावरचे उस्ताद म्हणून उभे नव्हते. ते आलेल्या गृहिणीला बोलतं करायचे, तिची फजिती झाकायचे, मग चव घ्यायचे. बोलणारा एक, रांधणारी दुसरी, अशी ती वाटणी सरळ होती. 2021 च्या अखेरीस आलेलं ‘किचन कल्लाकार’ किंवा 2025 मधलं ‘शिट्टी वाजली रे’ यांनी तर स्वयंपाक न येणं हाच विनोदाचा विषय केला. मला ते आवडत नाहीत, पण त्यात फसवणूक नाही. पोळीचा नकाशा झाला तर नकाशाच दाखवतात.

दुपारचा नवा प्रकार मधेच लोंबकळतो. शिकवायचं म्हणावं तर गप्पांमुळे कृती तुटते, आणि गप्पा म्हणाव्यात तर त्या संध्याकाळच्या मालिकेच्या जाहिरातीपलीकडे जात नाहीत. फोडणीत मोहरी पडते, ती तडतडायच्या आत पाहुणीला लग्नाबद्दल विचारतात आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो. परत येतो तेव्हा भाजी शिजलेली.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत 2011 च्या सप्टेंबरात एबीसी वाहिनीनं 1970 पासून चाललेली ‘ऑल माय चिल्ड्रन’ ही दुपारची मालिका बंद करून तिच्या जागी ‘द च्यू’ हा खाण्याच्या गप्पांचा कार्यक्रम आणला. प्रेक्षक भडकले. हिशेब उघड होता: मालिकेपेक्षा ओटा आणि चार खुर्च्या स्वस्त पडतात. तरी तो 2018 पर्यंत चालला. म्हणजे शंका घेणारेही बघतात. आमची आत्या असलं रोज बघते.

तिचा एक साधा निकष आहे. “भाकरी करून दाखव म्हणावं.” आधी मला ही कुरापत वाटली होती. मग लक्षात आलं, भाकरीला खोटं चालत नाही. पीठ जुनं असेल तर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेली असते, मग आधणाचं पाणी लागतं. परातीत मळताना तळव्याचा जोर, थापताना बोटांनी गोल फिरवणं, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात. तो अंमळ उशिरा फिरला तर भेगा पडतात. उलटायची वेळ हुकली की पापुद्रा धरत नाही. या दोन-तीन मिनिटांत पाहुणीच्या लग्नाचा विषय काढला की भाकरी गेलीच. भाकरीची ज्वारी तर इकडचीच: मालदांडी ज्वारीचं 35-1 हे वाण आमच्याच जिल्ह्यात मोहोळला निवडलं गेलं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. आणि टीव्हीवर ज्वारी येते ती बहुधा ‘हेल्दी पॅनकेक’ होऊन. हुलग्याचं माडगं तर मी एकदाही पडद्यावर पाहिलेलं नाही. 2022 च्या जूनमध्ये इथल्या तेव्हाच्या आमदारांच्या ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’मुळं सांगोला महाराष्ट्रभर वाजलं, तेही गुवाहाटीच्या हॉटेलाच्या कौतुकात!

वहिनीला पदार्थ हवा असेल तर ती मोबाईल उघडते. 2009 पासून मधुरा बाचल यांच्या रेसिपी तिथं आहेत, हवं तिथं थांबवून मागं नेता येतं. शेतात चूल मांडून रांधणाऱ्या बायकांचे व्हिडिओही ती बघते. तिथलंही रान नीट झाडून घेतलेलं असतं, हे तिला कळतं. पण चूल धुरावते, कुणीतरी खोकतं, ते कापलेलं नसतं.

नवा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच दिवशी थालीपीठ होतं. शेफनं ते थापलं, तव्यावर टाकलं. पाहुणी शूटिंगच्या धावपळीबद्दल सांगत होती. शेफनं उलथनं घातलं, थालीपीठ हलेना. कडेनं खरवडलं, मधे फाटलं. आत्या पुढं सरकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला काहीतरी बघण्यासारखं सापडलं होतं. आणि तेवढ्यात मसाल्याची जाहिरात लागली.

परत आले तेव्हा ताटलीत खरपूस, अख्खं, गोल थालीपीठ होतं, वर लोण्याचा गोळा.

“चिकटलेलं कुठं गेलं गं?” आत्यानं विचारलं.

“जाहिरातीत,” वहिनी म्हणाली आणि परात उचलून मोरीकडे गेली.