‘शैतान’मध्ये नियंत्रण गट कुठे आहे?

आधीच सांगते, पुढे ‘वश’ आणि ‘शैतान’ या दोन्ही चित्रपटांच्या कथानकातला बराच भाग उघड होणार आहे. पाहायचे असतील तर आधी पाहून या.

बोरीवलीत आमच्या मजल्यावर चार घरं आहेत, त्यातली दोन गुजराती. त्यामुळे ‘वश’ मी हिंदीच्या आधी गुजरातीत पाहिला, शेजारच्या बेनच्या सोफ्यावर बसून, खाकरा खात. कृष्णदेव याज्ञिक यांचा हा चित्रपट फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. त्याचाच हिंदी अवतार म्हणजे विकास बहल यांचा ‘शैतान’, जो ८ मार्च २०२४ ला प्रदर्शित झाला. गोष्ट एका ओळीची आहे. प्रवासात भेटलेला एक अनोळखी माणूस मुलीला काहीतरी खायला देतो, मग त्या कुटुंबाच्या घरी येतो आणि मुलगी त्याच्या ‘वश’ झालेली असते. तो हस म्हणाला की ती हसते, नाच म्हणाला की नाचते, पुढे सख्ख्या भावाच्या जिवावर उठते.

चित्रपट संपल्यावर बेन म्हणाल्या, “असं खरंच होतं हं.” आणि मला आमच्या ओळखीतल्या एका मावशी आठवल्या. काही वर्षांपूर्वी त्यांनी घरी येणाऱ्या एका बाबाला स्वतःच्या हाताने बांगड्या काढून दिल्या होत्या. नातेवाइकांनी त्यावर दोनच खुलासे दिले. अर्धे म्हणाले, वश केलं होतं. उरलेले म्हणाले, शिकलेली बाई, अक्कल कुठे गेली होती? तिसरा खुलासा कुणालाच सुचला नाही. या दोन चित्रपटांकडे मी त्या तिसऱ्या खुलाशासाठी पाहते.

संशोधनाच्या भाषेत मांडूया. ‘शैतान’चा दावा असा की मुलगी आज्ञा पाळते, कारण तिच्यावर वशीकरण झालंय. ठीक. मग तुमचा पहिला प्रश्न काय असायला हवा? ज्याच्यावर वशीकरण झालेलं नाही, तो त्याच परिस्थितीत काय करतो? म्हणजेच नियंत्रण गट. तो नसेल तर ‘यामुळे हे झालं’ असं म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नाही, मग पीएच.डी. असो की पटकथा.

गंमत अशी की हा नियंत्रण गट चित्रपटातच आहे, फक्त दिग्दर्शकाचं तिकडे फारसं लक्ष नाही. तो गट म्हणजे आईवडील. वनराज (आर. माधवन) दारात येतो आणि फोन थोडा वेळ चार्ज करू द्याल का, असं विचारतो. कबीर (अजय देवगण) त्याला आत घेतो. कबीरने वनराजच्या हातचं काही खाल्लेलं नाही, कुठला मंत्र नाही, तरी दार उघडतं. कारण नाही म्हणणं वाईट दिसतं! पाहुणा रेंगाळतो, घरच्यांना अवघड वाटू लागतं, तरी बराच वेळ कुणी ‘आता निघा’ म्हणत नाही. माझ्या मते हा अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात भीतिदायक भाग आहे, कारण तो आपल्या घरातला आहे. मागच्या वर्षी पाण्याचा फिल्टर तपासायला आलेल्या माणसाला आमच्या आईने बसवलं, चहा दिला. नंतर कळलं, तो चुकून भलत्याच इमारतीत आला होता. ओळखपत्र आम्ही दोघींनीही मागितलं नव्हतं.

आता खऱ्या प्रयोगाकडे. १९६५ मध्ये मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक एव्हान्स यांनी हाच प्रश्न तपासला: संमोहनाखाली माणूस धोकादायक किंवा दुसऱ्याला इजा करणारं कृत्य करतो का? सहभागींना सांगितलं की विषारी साप हाताने उचला, धुमसत्या नायट्रिक आम्लात बोटं घालून नाणं बाहेर काढा आणि मग ते आम्ल समोरच्या सहायकावर फेका. (मी रसायनशास्त्राची आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हात आपोआप मागे घेतला गेला.) अर्थात कुणाला इजा होणार नाही याची गुप्त व्यवस्था केलेली होती. संमोहित सहा जणांपैकी पाच जणांनी हे सगळं केलं.

इथे थांबलो असतो तर ‘शैतान’ सिद्ध झाला असता. पण ऑर्न थांबले नाहीत. त्यांनी दुसरा गट घेतला. हे लोक सहज संमोहित न होणारे होते आणि त्यांना सांगितलं होतं की संमोहित झाल्याचं नुसतं सोंग करा. या सहाच्या सहा जणांनी तेच सगळं केलं! मग कारण संमोहन कसं म्हणायचं? नंतर विचारल्यावर सहभागींच्या बोलण्यातून जे दिसलं ते साधं होतं. हा प्रयोग आहे, समोर जबाबदार माणूस आहे, तो आपलं वाईट होऊ देणार नाही, असं त्यांनी धरून चाललं होतं. आज्ञेमागे परिस्थिती होती, विश्वास होता. मावशींच्या बाबतीत राहून गेलेला तिसरा खुलासा हाच. बाई मूर्ख नव्हती आणि मंत्रही नव्हता. रोज घरी येणाऱ्या, ‘ताई’ म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणायची सोय तिच्याकडे राहिली नव्हती.

मराठी रंगभूमीवरही तुलनेसाठी एक गट सापडतो. विजय तेंडुलकरांच्या ‘अशी पाखरे येती’मध्ये अरुण सरनाईक हा असाच आगंतुक एका घरात शिरतो, गोड बोलतो, घरच्यांचा कब्जाच घेतो. प्रवेशाची पद्धत तीच आहे. पण तिथे घरातली सरू दबलेली असते आणि त्याच्या येण्याने तिला स्वतःची किंमत कळते. म्हणजे दार उघडणं हा भाग दोन्हीकडे सारखाच. फरक पाहुण्याच्या हेतूत आहे आणि हेतू दारातून दिसत नाही. तेंडुलकरांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांना मंत्राची गरज पडली नाही.

‘शैतान’ची ताकद मान्य करायलाच हवी. वनराज म्हणून माधवनला घेणं हुशारीचं आहे. ‘रहना है तेरे दिल में’पासून आपण या चेहऱ्यावर विश्वास ठेवत आलोय, त्यामुळे कबीरइतकेच आपणही फसतो. ‘वश’मध्ये हेच काम गुजराती पडद्याचा जुना नायक हितेन कुमार करतो. आणि दोन्हीकडची मुलगी म्हणजे जानकी बोडीवाला. शरीर आज्ञा पाळतंय आणि डोळे मदत मागताहेत, हे ती विलक्षण दाखवते. ‘वश’साठी तिला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. संमोहित माणूस झोपलेला नसतो, त्याला सगळं कळत असतं, एवढी गोष्ट चित्रपटाने बरोबर पकडली आहे.

पण उत्तरार्धात चित्रपट सोपी वाट धरतो. खलनायकाची शक्ती खरी ठरली की घरातल्या शिष्टाचाराचा प्रश्नच मिटतो. मग उरते ती फक्त मारामारी. आणखी एक गोष्ट मला खटकली. वनराजला मुलगी आईवडिलांच्या संमतीने हवी असते आणि सगळा ताण ‘बाप हो म्हणेल का’ यावर उभा राहतो. जान्हवीची संमती कुणीच विचारत नाही, पटकथासुद्धा नाही. आणि प्रदर्शनाचा दिवस महिला दिन!

आपल्याकडच्या कायद्याने मात्र हा प्रश्न नीट मांडला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. ‘वश’ ज्या राज्यातला, त्या गुजरातनेही २०२४ मध्ये असा कायदा केला. आपल्या कायद्याची अनुसूची वाचा. शक्ती असते की नसते या वादात ती शिरत नाही. कोणती कृत्यं गुन्हा आहेत ते एकेक करून सांगते. अलौकिक शक्तीचा दावा करून लैंगिक संबंध ठेवणं, हेही त्यात आहे. संशोधनात आपण याला कार्यकारी व्याख्या म्हणतो. जे दिसतं, तपासता येतं, तेच लिहायचं.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा ‘यामुळे’ हा शब्द आला की पेन थांबवा आणि विचारा, हे कारण काढून घेतलं तरी तसंच घडलं असतं का? लोकलच्या डब्यात वशीकरणाचं स्टिकर दिसलं तरी हेच विचारा. आणि कुणी बांगड्या काढून दिल्याचं कानावर आलं, तर ‘तिने असं कसं केलं’ म्हणण्याआधी, तिच्या जागी आपण नाही म्हणू शकलो असतो का, हे एकदा स्वतःला विचारा. मी मावशींना ते तेव्हा विचारलं नव्हतं. या दिवाळीत त्यांच्याकडे गेले तेव्हा विचारलं. त्या बराच वेळ बोलत होत्या.