वाटणीचा कागद : मराठी नाटकातले म्हातारपण आणि मालमत्ता

मराठी नाटकातल्या म्हातारपणाविषयी लिहिताना समीक्षकांनी बहुधा एकच प्रश्न विचारला आहे : मुले अशी का वागली? कृतघ्नता, पिढ्यांतले अंतर, शहरातली जागेची टंचाई, सुनेचा स्वभाव अशी त्याची उत्तरे दिली गेली. एखादा वकील किंवा सोसायटीचा चिटणीस जो प्रश्न सर्वांत आधी विचारेल, तो मात्र आपल्या समीक्षेत सहसा येत नाही. घर कोणाच्या नावावर होते, आणि ते कोणत्या कागदाने दुसऱ्याच्या नावावर गेले? प्रश्न रुक्ष आहे. तरीही तो विचारून पाहिला, तर ओळखीची नाटके थोडी वेगळी दिसू लागतात.

सुरुवात अर्थातच ‘नटसम्राट’पासून. दि गोवा हिंदू असोसिएशनने 1970 च्या डिसेंबरात हे नाटक रंगमंचावर आणले. वि. वा. शिरवाडकरांची संहिता, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे दिग्दर्शन, अप्पासाहेब बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. निवृत्त झालेला थोर नट आपली मिळकत मुलगा नंदा आणि मुलगी नलू यांना देऊन मोकळा होतो, आणि पुढे दोन्ही घरांतून अपमानित होऊन बाहेर पडतो. शिरवाडकरांसमोर ‘किंग लिअर’ होते हे सर्वश्रुत आहे. दोन्ही नाटकांची तुलनाही पुष्कळ झाली, पण ती वादळ, वेड, स्वगते यांच्याभोवती. वाटणीच्या अटींची तुलना सहसा होत नाही, आणि खरा फरक तिथेच आहे.

लिअर राज्य वाटतो तेव्हा सगळेच सोडून देत नाही. राजा ही पदवी तो स्वतःकडे ठेवतो, शंभर सरदारांचा लवाजमा ठेवतो, आणि दोन मुलींकडे आळीपाळीने एकेक महिना राहायचे ठरवतो. आजच्या भाषेत हे सशर्त हस्तांतर झाले. पुढचे भांडणही या शर्तीवरूनच पेटते. शंभराचे पन्नास होतात, पन्नासाचे पंचवीस, आणि शेवटी एक तरी कशाला हवा, असे विचारले जाते. लिअर संतापतो तो फसवला गेलेला करारदार म्हणून. त्याच्यापाशी बोट ठेवायला काहीतरी आहे, भले ते भर दरबारात तोंडीच ठरलेले असेल.

शिरवाडकरांनी कथा मध्यमवर्गीय घरात आणताना हे शंभर सरदार वगळले. अप्पा काहीच राखून ठेवत नाहीत. राहण्याचा हक्क नाही, ठरावीक रक्कम नाही, एक खोलीसुद्धा नाही. अपमान झाल्यावर ते कोणते वचन मोडले म्हणणार? म्हणून लिअरच्या तोंडी तक्रार येते आणि अप्पांच्या तोंडी विलाप. ‘नटसम्राट’वर भावविवशतेचा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. त्याचे मूळ मला भाषेच्या फुलोऱ्यात दिसत नाही, ते या वगळलेल्या शर्तीत दिसते. ज्याच्या हाती दावा नाही त्याच्याजवळ शब्दच उरतात, आणि अप्पांजवळ ते मुबलक आहेत.

इथे थोडा कायदा पाहायला हवा. मृत्युपत्र साध्या कागदावर होते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते. दोन साक्षीदार मात्र हवेत. करणारा जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येते आणि त्याच्या मृत्यूनंतरच अमलात येते. बक्षीसपत्राचे उलट आहे. स्थावराचे बक्षीसपत्र नोंदवावेच लागते, ते तत्काळ लागू होते आणि एरवी मागे घेता येत नाही. महाराष्ट्रात राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस द्यायचे तर मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे. ‘मागाहून कटकट नको’ म्हणून आईबाप हयातीतच घर मुलांच्या नावे करतात, त्याला ही स्वस्ताईही थोडी कारणीभूत असावी. अप्पांनी केले ते मृत्युपत्राचे काम, पण केले बक्षिसाच्या रीतीने. सगळे नाटक या चुकीच्या निवडीवर उभे आहे.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 ने या निवडीला एक परतीची वाट ठेवली. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द करू शकते. अट कागदात दिसलीच पाहिजे का, यावर वाद झाला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट सिद्ध व्हायलाच हवी असे म्हटले. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा हेतू लक्षात घेऊन उदार अर्थ लावला आणि मुलाला दिलेले घर आईला परत मिळाले. तिथे मुलाने लिहून दिलेले वचनपत्र होते.

मग अप्पा आज असते तर त्यांना घर परत मिळाले असते का? मला वाटते, नाही. अट नव्हती हे एक कारण झाले, पण ते धाकटे. कायदा मोजतो ते अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी. नंदाच्या आणि नलूच्या घरी अप्पांना आणि कावेरीला जेवण होते, छप्पर होते. नव्हता तो मान. नातीशी कसे बोलावे, कोणासमोर यावे, काय शिकवावे यावर बंधने होती, आणि शेवटी चोरीचा आळ आला. यातले काय अर्जात लिहायचे? या कायद्याखालच्या निर्वाहाची दरमहा कमाल 10,000 रुपये आहे. नातीला आवडीचे नाटक शिकवू न देण्याचे त्यात किती धरायचे?

तरीही घर नावावर असण्याला अर्थ होताच. घरमालक अप्पांना कोणी पाहुणा म्हणू शकले नसते. तक्रार सुनेने केली असती आणि बाहेर पडायचा प्रश्न तिच्यापुढे आला असता. मालकी हक्काने भाकरी मिळते यापेक्षा यजमान कोण हे ठरते, आणि ‘नटसम्राट’ हे यजमानपद गमावलेल्या माणसाचे नाटक आहे. आयुष्यभर प्रेक्षकांचा यजमान असलेला माणूस स्वतःच्याच पैशाने उभ्या राहिलेल्या घरांत आश्रित होतो.

हे सगळे आधी दिसले होते ते कावेरीला. हातचे सगळे सोडू नका, हे तीच सांगते, आणि तो इशारा मराठी घरांत म्हणीसारखा रुळला. पण तिच्या सल्ल्याला सहीची जागा नव्हती. हिंदू कायद्यात नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्याच्या हयातीत बायकोचा वाटा नसतो. तो एकटाच सगळे देऊन टाकू शकतो. गंमत अशी की, ज्या संस्थेने हे नाटक उभे केले तिच्या नावातल्या गोव्यात हे घडणे अवघड होते. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या तिथल्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक असते. अर्धी कावेरीची. तिच्या संमतीशिवाय अप्पांना घर देता आले नसते. ‘नटसम्राट’मधली सर्वांत शहाणी व्यक्ती पणजीच्या नोटरीपुढे ‘मी सही करत नाही’ एवढेच म्हणाली असती, तर दुसरा अंक लिहायची वेळ आली नसती. कावेरीवर लिहिताना तिच्या सोशिकपणाचे कौतुक होते. तिच्या व्यवहारज्ञानाचे, आणि ते कशामुळे निरुपयोगी ठरले याचे, फारसे होत नाही.

जयवंत दळवींची ‘संध्याछाया’ आणि ‘कालचक्र’ इथे वेगाने पाहिली तरी चालतील. ‘संध्याछाया’त अडचण पैशाची नाहीच. आहे ती हाकेला ओ देणारे कोणी नसण्याची, आणि त्यावर कागदाचा उपाय नाही. ‘कालचक्र’मधली, म्हाताऱ्या आईबापांनीच स्वतःला दत्तक घ्या म्हणण्याची कल्पना मात्र कायद्याच्या अंगाने खट्याळ आहे. हिंदू दत्तक कायदा एरवी पंधरा वर्षांवरच्यांना दत्तक जाऊ देत नाही. मात्र 2007 च्या कायद्यात निपुत्रिक वृद्धाच्या सांभाळाची जबाबदारी त्या नातेवाइकावर टाकली आहे, ज्याच्या ताब्यात त्याची मिळकत आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे. रक्ताच्या जोडीला वारसा हाही सांभाळाचा पाया होऊ शकतो, हे कायद्याने मान्य केले. दळवी तिथे आधीच पोचले होते.

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (1985) मात्र थांबून वाचावे असे आहे. कारण ते वारसा खुला झाल्यावर सुरू होते. धरणगावच्या देशपांड्यांचे तात्याजी गेलेले आहेत. घरात त्यांची आई दादी, बायको आई, भास्कर, सुधीर, चंदू हे मुलगे, मुलगी प्रभा, सुना आणि नातवंडे. अंगणात गंजलेला ट्रॅक्टर. वाद तेराव्याच्या खर्चाचा : ऐपत सरली आहे, इभ्रत सरलेली नाही. नाटकात हिशेब सतत चालू असतो, आणि तो मुख्यतः भास्कर आणि सुधीर या दोन भावांत.

आता कायद्याचा हिशेब मांडू. वाडा वडिलोपार्जित आहे, तात्याजींनी मृत्युपत्र केलेले नाही आणि काळ 1985 चा आहे असे धरू. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कुटुंबाच्या खटल्यात, हिराबाईंच्या दाव्यात, रीत घालून दिली होती. मरणाच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे कल्पायचे. त्या वाटणीत बायकोलाही मुलाएवढा हिस्सा द्यायचा. मग मृताचा हिस्सा सर्व वारसांत सारखा वाटायचा. हिराबाईंना 7/24 मिळाले. तीच रीत धरणगावला लावली तर तात्याजी, आई आणि तीन मुलगे असे पाच हिस्से होतात. तात्याजींचा 1/5 पुन्हा सहा जणांत जातो : दादी, आई, तीन मुलगे, प्रभा. म्हणजे प्रत्येकी 1/30. भास्करचे 7/30, सुधीरचे 7/30, चंदूचे 7/30. आणि आईचे 7/30.

जिच्याकडे सगळे जण दुःखाची मूर्ती म्हणून पाहतात, ती आई भास्करच्या बरोबरीची हिस्सेदार आहे. घरासाठी नुसता राबणारा, कोणाच्या खिजगणतीत नसलेला चंदूही तेवढाच मालक आहे. प्रभेला तिसावा हिस्सा आहे. प्रभा आपल्या लक्षात राहते ती शिक्षण नाकारली गेलेली मुलगी म्हणून, आणि तिच्या तीव्र बोलण्याला आपण वैफल्य म्हणतो. पण ती वारस होती. 1956 च्याच कायद्यातल्या तेव्हाच्या कलम 23 ने तिला एवढे सांगितले होते की राहत्या वाड्यात तू राहा, वाटणी मात्र भाऊ मागतील तेव्हाच. हक्क दिला आणि किल्ली भावांकडे ठेवली. हे कलम 2005 मध्ये रद्द झाले. त्याच दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील आधीच वारले असले तरी हा हक्क आहे असा निर्वाळा दिला. वाड्याची रीतसर वाटणी तोवर झालेली नसती, तर प्रभा भावांच्या ओळीत येऊन बसली असती. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ पुन्हा वाचताना ही शक्यता मनात ठेवून पाहावी.

राहिली दादी. प्रयोगात ती काळ हरवलेल्या घराचे प्रतीक होऊन बसते, आणि गेलेल्या मुलाला वेळ विचारत राहते. पण मृताची आई ही पहिल्या वर्गातली वारस असते, म्हणून वाड्याचा तिसावा भाग तिचाही आहे. तो विकायचा तर सही कोण करणार? मन ठिकाणावर नसलेल्या माणसाचे मृत्युपत्र टिकत नाही. तिने पूर्वी कोणाला कुलमुखत्यारपत्र दिले असते तरी भान गेल्यावर ते आपोआप संपले असते, कारण आपल्याकडे भान हरपल्यानंतरही चालू राहील असे मुखत्यारपत्र नाही. आजही अशा घरांना आईच्या खात्यातून तिच्याच औषधाचे आणि सांभाळणाऱ्या बाईच्या पगाराचे पैसे काढायला पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. भास्कर आणि सुधीर भांडतात त्या वाड्याचा एक तुकडा त्यांच्यापैकी कोणालाच कायदेशीरपणे विकता येण्यासारखा नाही, आणि त्याची मालकीण पलीकडे बसून किती वाजले एवढेच विचारते आहे.