कुलूपबंद ग्रंथ आणि वाचकाचा हक्क

पुस्तक विकत घेणे म्हणजे नेमके काय विकत घेणे, हा प्रश्न छापील ग्रंथाच्या काळात फारसा कोणी विचारला नाही. कारण त्याचे उत्तर हातातच असे. कागदाची प्रत घेणाऱ्याची होई, मजकुरावरील अधिकार लेखकाकडे राही, आणि या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत उसनवारी, वाचनालय, जुन्या पुस्तकांचा बाजार हे सारे नांदे. पेण-रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी, जेथे ग्रंथविक्रीचा व्याप मुळातच बेताचा, तेथील वाचन पुष्कळ अंशी या मोकळ्या जागेवरच पोसले गेले. टॅब्लेटने तीच जागा बंदिस्त केली आहे.

वरवर पाहता हे यंत्र अशा गावांना वरदानच वाटावे. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तके आली आणि मुंबई-पुण्याची वाट न धरता रोह्याच्या वाचकाला घरबसल्या ग्रंथ मिळू लागला. हा लाभ खोटा नव्हे. परंतु जे मिळते तो ग्रंथ नसून ग्रंथ वाचण्याचा परवाना असतो. मजकूर सांकेतिक रूपात बंद असतो व तो उघडणारी किल्ली वाचकाच्या खात्याशी आणि यंत्राशी जखडलेली असते. शेजाऱ्याच्या टॅब्लेटवर तीच प्रत मुकी होते. २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान मिटले, तेव्हा विकलेली पुस्तकेही नाहीशी झाली. दोन्ही वेळी पैसे परत मिळाले हे खरे. पण दुकान बंद करताना गिऱ्हाइकाच्या घरातले धान्य उचलून नेणारा वाणी अद्याप कोणी पाहिलेला नाही.

याबाबतीत भारतीय कायदा यंत्राहून उदार आहे, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम घालण्यात आले. त्यानुसार कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो, परंतु त्यामागे अधिकारभंगाचा हेतू असला तरच. कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कारणासाठी ते काढणे हा अपराध नव्हे. अमेरिकेचा १९९८ चा कायदा इतका सहिष्णु नाही. मात्र आपल्या कायद्याने विक्रेत्यावर किल्ली देण्याचे बंधन घातलेले नाही, आणि त्यामुळे ही मुभा सामान्य वाचकापुरती निरुपयोगी ठरते.

कायदा व कुलूप यांतील हे अंतर कालमर्यादेच्या संदर्भात अधिकच उघड होते. पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेले विनोबा आणि रोह्याशी ज्यांचे बालपण निगडित आहे ते चिंतामणराव देशमुख, दोघेही १९८२ मध्ये निवर्तले. प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे १ जानेवारी २०४३ रोजी त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन सर्वांचे होईल. देशमुखांच्या १९७४ च्या आत्मचरित्राची छापील प्रत त्या दिवशी कोणालाही पुन्हा छापता येईल. कुलूपबंद प्रत असल्यास ती त्या दिवशीही बंदच राहील. कुलपाला पंचांग कळत नाही. येथे आणखी एक आठवण अप्रस्तुत ठरू नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली. आज जो ग्रंथ वाचला जातो तो साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता उतरून घेतली म्हणून.

प्रकाशकांची भीती निराधार आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. छापील पुस्तक उसने दिले की ते देणाऱ्यापाशी उरत नाही. अंकीय मजकूर देताना नवी नक्कल निर्माण होते. नव्या मराठी पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ प्रती व्हॉट्सॲपवरून फिरतात, आणि लहान आवृत्तीवर जगणाऱ्या मराठी प्रकाशकाला तो घाव सोसवत नाही. पण कुलपाने हा चोर अडलेला नाही, कारण छापील पाने यंत्राने टिपून घ्यायला कोणतीच किल्ली लागत नाही. अडला तो पैसे मोजणारा. चोरीची प्रत कोणत्याही टॅब्लेटवर उघडते, विकत घेतलेली उघडत नाही. प्रामाणिकपणाची शिक्षा याहून वेगळी कोणती असणार?

वाचनालयांची अडचण याहून खोल आहे. विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळील छापील ग्रंथ जतनासाठी अंकीय स्वरूपात साठवण्याची अनुमती कायद्याने दिली आहे. अट इतकीच की छापील प्रत आधी संग्रही असावी. जो ग्रंथ केवळ टॅब्लेटसाठीच निघाला, त्याच्या बाबतीत ही अट पुरी कशी व्हावी, याचे उत्तर त्या कलमात नाही.