हिमालय आणि कोकणी डोळा

देवगडच्या मनुष्याने सुटीत मनालीस किंवा बदरीनारायणास जावे, यात पुष्कळांस विसंगती वाटते. कुणकेश्वराची पुळण पाहावयास दूरदूरचे लोक येत असता, ती ज्याच्या दाराशी आहे त्याने बर्फाचा सोस का धरावा, असा हा आक्षेप. आमच्या मते तो समुद्राकडे पाहुणा म्हणून पाहणाऱ्याचा आहे. देवगडकरास समुद्र म्हणजे होडी, मासळी, वारा आणि आषाढातले उधाण. जेथे आपले काही काम अडलेले नाही अशा मुलखात त्याला विसावा वाटावा, हे साहजिकच होय. प्रश्न जाण्याचा नाही. तेथून काय घेऊन यावे, हा आहे.

या दृष्टीने काकासाहेब कालेलकरांचा ‘हिमालयातील प्रवास’ पुन्हा वाचण्याजोगा आहे. कालेलकर १८८५ साली साताऱ्यास जन्मले. परंतु त्यांचे आडनाव सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून आलेले, म्हणजे देवगडच्याच आजच्या जिल्ह्यातले. १९१२ साली बडोद्याचे गंगनाथ विद्यालय सरकारी रोषामुळे बंद पडले आणि तेथला हा तरुण शिक्षक हिमालयाकडे वळला. पुढे त्याने हा वृत्तांत गुजरातीत लिहिला.

ग्रंथाचा मोठा गुण म्हणजे त्याची पायी चालण्याची गती. जमनोत्री, गंगोत्री, केदार, बदरी ही वाट पायांखालून गेलेली असल्यामुळे शिखरांइतकेच चढ, मुक्काम आणि सोबतीही त्यात जागा मिळवतात. विनोद भक्तीला जड होऊ देत नाही. मात्र एक उणीव सांगितली पाहिजे. लेखकाच्या मनात पुराणांतला हिमालय आधीच उभा आहे. त्यामुळे काही ठिकाणी स्मरण पुढे जाते आणि दृष्टी मागे राहते.

आजच्या प्रवासवर्णनांत ही उणीव तेवढी उतरली, गुण मात्र उतरला नाही. पुराणांची जागा छायाचित्रांनी घेतली, इतकेच. ‘भव्य’, ‘शुभ्र’, ‘अवर्णनीय’ ही विशेषणे घरूनच नेलेली असतात व तशीच परत येतात.

वस्तुतः देवगडच्या बागाईतदाराजवळ या मुलखासाठी स्वतःचा डोळा आहे. मनालीच्या वाटेवर कुलूच्या खोऱ्यात सफरचंदाच्या बागा लागतात. त्या झाडास बहरापूर्वी हिवाळ्याची दीर्घ थंडी लागते. हापूसच्या मोहोरास मार्गशीर्ष-पौषातला गारवा पुरतो. प्रमाण निराळे, परंतु थंडी चुकली की दोन्हीकडचा माळी सारखाच धास्तावतो. हे ज्याच्या ध्यानी येईल, त्याचे बर्फाचे वर्णन दुसऱ्या कोणास लिहिता येणार नाही.

असे पुस्तक देवगडहून यावे, अशी आमची अपेक्षा आहे. ते लिहिण्यासाठी किनारा सोडून जाणे चालेल; किनाऱ्यावर शिकलेले विसरून जाणे चालणार नाही.